गोव्यात दारू सोडवायची तर: कुठे जायचं, काय विचारायचं, घरी काय सांभाळायचं

माझ्या मामाने एका चतुर्थीला दारू सोडली. गणपती घरात येणार म्हणून आदल्या सकाळपासून घोटभरही घेतली नाही. वीसेक वर्षं रोज पिणारा माणूस. घरात सगळ्यांना आनंद झाला, आजीने देवापुढे नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरत होते की आरतीचं तबक धरता येईना. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरचे किडे वेचून काढू लागला. भिंतीवर काहीच नव्हतं. आम्हाला ओळखेना. कुणीतरी म्हणालं, हे बाहेरचं आहे, घाडीला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलवा. घाडी आला, गाऱ्हाणं झालं, आणि पहाटे मामाचं अंग तापाने फणफणलं. शेजारच्या एक नर्सबाई आवाज ऐकून आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "दारू कधी बंद केली?" त्यांनीच १०८ला फोन लावला, म्हणून तो वाचला.

त्या रात्री जे झालं त्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. हा लेख गोव्यातल्या घरांसाठी आहे, आणि त्यात केंद्रं, औषधं, कायदा सगळं येईल. पण नर्सबाईंचा तो प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

रोज पिणाऱ्याने एका झटक्यात, घरच्या घरी सोडू नये

रोजच्या दारूने मेंदू दबलेला असतो आणि त्या दाबाशी त्याने जुळवून घेतलेलं असतं. दाब अचानक निघाला की मेंदू उसळतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. फिट येणार असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भास, ताप, स्थळकाळाचं भान हरपणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. सगळ्यांनाच एवढं होत नाही. ज्याला सकाळी हात स्थिर करायलाच घोट लागतो, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे, ज्याचं यकृत बिघडलेलं आहे किंवा वय झालेलं आहे, त्याला धोका जास्त.

आपल्याकडे सोडण्याचे मुहूर्त ठरलेले असतात. श्रावण, चतुर्थी, ख्रिस्ती घरांत कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस. नवसाला माझा मुळीच विरोध नाही. सोडायची इच्छा अशा दिवसांतच जोर धरते, आणि ती फार मोलाची असते. फक्त त्या दिवसाच्या आठवडाभर आधी डॉक्टरला भेटा. औषधं सुरू करून सोडली की तोच नवस सुखरूप पार पडतो.

फिट आली, माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला, ताप चढला किंवा उलट्या थांबेनात, तर १०८. फोनवर स्पष्ट सांगा: रोज पिणारा माणूस आहे, अमुक दिवसांपासून बंद आहे. कॅज्युअल्टीत लाजेपोटी दारू लपवली की डॉक्टर दुसऱ्याच आजाराचा शोध घेत बसतात. आणखी एक. "अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा" असा आग्रह जवळच्या दवाखान्यात धरू नका. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, अनेकदा संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन दिलं का, हे विचारायला नातेवाइकाने संकोचू नये.

गोव्याचं चित्र

गोवा क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत लहान राज्य, ३,७०२ चौरस किलोमीटर. दारूच्या बाबतीत मात्र ते वरच्या रांगेत आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले देशातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले. गोव्यात हे प्रमाण २८ टक्के होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातले १५ वर्षांवरचे ३६.९ टक्के पुरुष आणि ५.५ टक्के स्त्रिया दारू पितात असं दिसलं. देशात तेच आकडे पुरुषांत सुमारे १९ आणि स्त्रियांत १.३ टक्के आहेत. स्त्रियांच्या आकड्याकडे जरा थांबून पाहा. आपल्या घरांत बाईचं पिणं सर्वांत उशिरा उघड होतं, त्यामुळे तिचा उपचारही सर्वांत उशिरा सुरू होतो.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. दारू स्वस्त, दुकान हाकेच्या अंतरावर, आणि पिण्याला परंपरेचं कोंदण. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. फेणी गाळणाऱ्यांचं कसब खरंच वाखाणण्याजोगं आहे आणि कित्येक घरं त्यावर चालतात. पण मार्च ते मे या भट्टीच्या दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, पाण्यासारखा समोर येतो, आणि वर्षभर सावरलेला माणूस याच तीन महिन्यांत घसरतो. उपचारात असलेल्याच्या घरच्यांनी कॅलेंडरवर हे महिने खूण करून ठेवावेत.

तंबाखूत चित्र उलटं आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात गोव्यात फक्त ९.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, सगळ्या राज्यांत सर्वांत कमी. देशाचा आकडा २८.६ टक्के होता. गोव्याच्या ड्रग्जची चर्चा देशभर होते, ती मुख्यतः किनारपट्टीवरच्या पार्ट्यांमुळे. तो प्रश्न खरा आहे, त्याविषयी पुढे लिहिते. पण गावागावांतलं घर मोडते ती दारूच.

सर्वांत वाईट आकडा शेवटी. त्याच एम्स सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच देशात कसलाही उपचार मिळतो. गोव्यात याला अंतराचं कारण फारसं देता येत नाही. इथे आड येतं ते राज्याचं लहान असणं. ओपीडीच्या रांगेत मावशीच्या वाड्यावरचा कुणीतरी भेटणार, संध्याकाळपर्यंत गावभर होणार, पोराच्या लग्नात अडचण येणार. या भीतीपायी घरं पाच-पाच वर्षं गप्प राहतात. "बेबदो", म्हणजे दारुडा, हा शब्द मात्र गावाने आधीच लावलेला असतो.

आधी मोजा

"थोडीशीच घेतो" याला माप लावा. आपल्याकडे एक युनिट म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: व्हिस्की, रम किंवा फेणीचा ३० मिलिलिटरचा एक पेग. त्या हिशेबाने क्वार्टर म्हणजे ६ युनिट. साध्या बियरची मोठी बाटली अडीच युनिटच्या आसपास, स्ट्राँग बियरची चारच्या. "मी फक्त बियर घेतो" म्हणून संध्याकाळी दोन स्ट्राँग संपवणारा क्वार्टरपेक्षा जास्त पितो आहे.

मग ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी घ्या. आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा समुपदेशक ती पाच मिनिटांत भरून घेतात. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे. २० च्या पुढे गेले तर बहुधा अवलंबित्व आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ लागेलच. हे मोजणं महत्त्वाचं, कारण पुढचा रस्ता इथे फुटतो. मधल्या पातळीवरच्या माणसाला कुठेही भरती करायची गरज नसते. त्याला थेट केंद्रात टाकलं तर तो चिडतो आणि पुन्हा दार उघडत नाही.

या मधल्या माणसासाठी सर्वांत चांगलं संशोधन गोव्यातच झालं आहे, आणि ते गोव्यातच कमी जणांना माहीत आहे. पर्वरीच्या संगात संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले, न मिळालेल्यांत २६ टक्के. वर्षभराने हे प्रमाण ५४ आणि ३२ असं झालं. चार वेळा कुणी शांतपणे बसून बोललं, एवढ्याने एवढा फरक पडला. म्हणून वाट पाहू नका. "अजून तेवढं वाढलेलं नाही" हीच बोलायची वेळ आहे.

कुठल्या दारी जायचं

जवळचं आरोग्य केंद्र हे पहिलं दार. तिथे रक्तदाब, यकृताच्या तपासण्या होतात आणि चिठ्ठी मिळते. अवलंबित्व असेल तर म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय, किंवा थेट बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे मानसोपचाराची सरकारी संस्था. आयपीएचबीत ओपीडीही आहे आणि दाखल करून दारू उतरवण्याची सोयही. गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) जवळच असल्याने यकृत, स्वादुपिंड, फिट अशी गुंतागुंत असेल तर सोयीचं पडतं. "वेड्यांच्या इस्पितळात नेलं" असं लोक म्हणतील म्हणून खूप जण ही पायरी चढत नाहीत. त्यांना मी इतकंच सांगते की कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय असते. संस्थेला ती तुमच्या संमतीशिवाय मालकाला किंवा शेजाऱ्याला देता येत नाही. गावातली भीती फारच असेल तर दुसऱ्या तालुक्यातलं रुग्णालय निवडा. त्यात कमीपणा काही नाही.

काणकोण-सांग्याहून बांबोळीला यायचं म्हणजे दिवस मोडावा लागतो. तेव्हा आधी फोनवर बोला. १४४४६ ही केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, १४४१६ ही टेलिमानस, जिथे मानसिक आरोग्याचे समुपदेशक बोलतात. घरच्यांनीही फोन करावा. पेशंटच बोलला पाहिजे असं नाही.

दारू उतरवणं, आणि त्यानंतरची औषधं

डिटॉक्स म्हणजे पाच ते दहा दिवस. डायझेपॅम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात आणि रोज थोडी थोडी कमी करतात; यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपॅम. सोबत थायमिन. त्रास सौम्य असेल आणि घरी जागरूक माणूस असेल तर डॉक्टर हे घरीही करू देतात. गोळ्या मात्र घरच्यांच्या ताब्यात ठेवा, कारण त्यांचीही सवय लागते, आणि दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो.

इथेच बहुतेक घरं चुकतात. दहा दिवसांनी माणूस तरतरीत होतो, भूक लागते, चेहरा खुलतो, आणि सगळ्यांना वाटतं झालं, सुटली. प्रत्यक्षात फक्त शरीर मोकळं झालेलं असतं. ओढ अजून तशीच असते, आणि ती महिनोन्‌महिने राहते. त्या ओढीवर औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं, पण अफूजन्य वेदनाशामकं चालू असतील तर ते घेता येत नाही. अकॅम्प्रोसेट पिणं थांबवलेल्यांसाठी, मूत्रपिंडं ठीक असतील तर. यकृताचा आजार असलेल्यांत बॅक्लोफेनचा विचार होतो. कुणाला काय, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त विचारा की ओढ कमी करणारं औषध देणार आहात का. अनेकदा न विचारल्यामुळे ते दिलंच जात नाही.

डायसल्फिराम वेगळं. ते घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणसाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या राजीखुशीने, रोज कुणाच्या तरी समोर घेतलं तर ते उपयोगी पडतं. पण आमटीत गुपचूप गोळी टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची अगतिकता मला कळते. तरीही हात जोडून सांगते, असं करू नका. त्याला ठाऊक नसेल तर तो पिणारच, आणि त्यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. "औषध न सांगता द्या, दारू सुटते" अशा जाहिरातींतून येणाऱ्या पुड्यांत काय असतं ते कुणीच सांगत नाही.

निवासी केंद्र निवडताना

वारंवार घसरण झाली असेल, घरातच सगळे पिणारे असतील किंवा घर बारला लागून असेल, तर काही आठवडे बाहेर राहण्याचा उपयोग होतो. गोव्यातले काही जण पुण्याच्या मुक्तांगणला जातात. १९८६ मध्ये सुरू झालेलं ते केंद्र मराठी घरांना ओळखीचं आहे, आणि भाषेचा आधार मोठा असतो.

केंद्र कुठलंही असो, आधी स्वतः जाऊन पाहा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय करतात? नातेवाइकांना कधी भेटू देतात? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका केंद्राने दीड महिना मुलाला भेटू दिलं नाही. तो बाहेर आला तेव्हा पाठीवर वळ होते. "पहिले ४५ दिवस भेट नाही" असं सांगितलं की तिथून उठा. खर्च, मुदत आणि औषधांचे पैसे लेखी घ्या. आणि जिथे पेशंटशी एकांतात बोलू देत नाहीत तिथे ठेवू नका.

"गाडी पाठवतो, उचलून आणतो" असंही काही जण सांगतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती हा आजारच आहे, आणि प्रौढ माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध मनाला येईल तसं डांबता येत नाही. जिवाला धोका, दुसऱ्यांवर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं अशी स्थिती असेल, आणि एका मानसोपचारतज्ज्ञासह दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासलं असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णय घेणाऱ्याच्या, अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. साखळीने बांधणं या कायद्याने पूर्ण बंद आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं, तेव्हा पॉलिसी काढून वाचा.

गोळ्या, पावडर, गांजा

हेरॉइन किंवा इतर अफूजन्य पदार्थ असतील तर ब्युप्रेनॉर्फिन हा आजचा भक्कम उपचार आहे. "एक व्यसन सोडून दुसरं लावलं" असं म्हणून घरचे ते बंद करायला लावतात. ते चूक आहे. ते औषध माणसाला कामावर ठेवतं, सुईपासून दूर ठेवतं, आणि वर्षानुवर्षं लागलं तरी हरकत नाही. टर्की, म्हणजे सोडतानाचा त्रास, काढून, काही आठवडे कोरडा राहून माणूस परत आला आणि जुन्याच मात्रेत घेतली तर शरीराला ती झेपत नाही. मृत्यूचा सर्वांत मोठा धोका याच काळात असतो. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

गांजा आणि पार्टीतल्या गोळ्यांवर तसं खास औषध नाही, उपचार मुख्यतः समुपदेशनाचा. गांजा सोडल्यावर दोनेक आठवडे झोप आणि राग सांभाळावा लागतो. पार्टीत कुणी गोळी घेऊन तापला, बेशुद्ध पडला, तर पोलिसांच्या भीतीने खोलीत झोपवून ठेवू नका. १०८ला फोन करा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या ६४अ कलमात सेवन करणाऱ्याला, किंवा अल्प प्रमाणात जवळ सापडलेल्याला, स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार पूर्ण केल्यास खटल्यापासून संरक्षण आहे. त्यासाठी वकिलाचा सल्ला लगेच घ्या.

तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन आहे.

घरी परतल्यावर

पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. घरात बाटली नको, पाहुण्यांसाठीही नको. पगार काही काळ बायकोच्या किंवा आईच्या हाती, पण त्याला विचारून, त्याला ओरबाडल्यासारखं वाटणार नाही अशा रीतीने. फॉलोअपची तारीख चुकवू नका. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा गोव्यात होतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, आणि माझ्या मते तिथे आईने आणि बायकोने जाणं हे पेशंटने जाण्याइतकंच गरजेचं आहे, तो सोडो वा न सोडो. मार खात घरात राहणं हा उपचाराचा भाग नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, मुलांसाठी १०९८.

घसरण होईल. माझा मामा तीनदा घसरला, तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात. पहिल्या खेपेला आम्ही आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही, आणि तो आठवडा तो प्यायला. तिसऱ्या खेपेला मामीने दुसऱ्याच दिवशी त्याला ओपीडीत नेलं, आणि प्रकरण दोन दिवसांत आटोपलं. स्लिप झाली की चोवीस तासांत डॉक्टरला फोन, एवढा एक नियम घरात आधीच ठरवून ठेवा.

पहिल्या दिवशी

बोलायचं तर पिऊन आल्यावर नको. सकाळी, पहिल्या घोटाआधी, आणि एकाच माणसाने. त्याची ज्याच्यावर माया आहे त्याने. "तू दारुडा आहेस" याऐवजी जे पाहिलं ते सांगा: परवा गाडी घसरली, मुलगी रडत होती. तो यायला नाही म्हणाला तर तुम्ही एकट्याच जा. नातेवाईक आधी येऊन बोलले म्हणून कुणी परत पाठवत नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते तुम्हाला कळतं.

सोबत आधारकार्ड, जुनी कागदपत्रं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या, मधुमेहाची आणि झोपेचीसुद्धा. एका कागदावर लिहा: किती वर्षं, रोज किती, कुठली, पूर्वी कधी सोडली होती, तेव्हा फिट आली होती का. आणि सर्वांत वर, ठळक, शेवटचा घोट कुठल्या दिवशी किती वाजता घेतला ते.